तानाजीच्या बेंजो पार्टीचा हरवलेला आवाज

बेंजो पार्टीतल्या माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत. ट्रॉलीवर उभं राहिलं की ते गुलालासारखे आपोआप अंगावर पडतात आणि घरी आल्यावर चार दिवस कॉलरमधून निघत राहतात. मी दिवसा हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो आणि हंगामात तानाजीच्या पार्टीत कीबोर्ड वाजवतो. स्टाफरूममध्ये मला विज्ञानातलं कुणी काही विचारत नाही. "मास्तर, काल काय झालं?" एवढंच विचारतात. म्हणून गेल्या हंगामातलं सगळं एकदाच सांगून टाकतो, म्हणजे मधल्या सुट्टीतला चहा तरी गरम प्यायला मिळेल.

तानाजी म्हणजे आमच्या पार्टीचा मालक. उंब्रजला हायवेलगत त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. दिवसभर पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरतो आणि लग्नसराईत बेंजो वाजवतो. दुसरे सुभेदार आप्पा. फौजेच्या बँडमधून रिटायर झालेत, क्लॅरोनेट वाजवतात. नोटेशन वाचता येणारे आमच्यात ते एकटेच, त्यामुळे चुका फक्त त्यांनाच दिसतात, आणि त्या ते सगळ्यांना सांगतात.

आता आवाजाचं. माझ्या कीबोर्डातून स्वतःचा असा आवाज निघत नाही. मी पट्टी दाबतो, ती दाबल्याचं लॅपटॉपला कळतं आणि लॅपटॉपमधला एक प्रोग्राम आवाज तयार करतो. त्याला सॉफ्टवेअर सिंथ म्हणतात. आमच्याकडे असा एक जुना सिंथ होता. तानाजीचा एक मित्र परदेशी जाण्याआधी बसवून गेला होता. त्यानं तो कुठून आणला हे आम्ही कधी विचारलं नाही. त्यातून सनई आणि साखर कारखान्याचा भोंगा यांच्या मधला एक आवाज निघायचा. कागदावर वाचायला हे बरं वाटत नाही, पण ट्रॉलीवरून तो आवाज सुटला की म्हातारी माणसंसुद्धा टोपी सरळ करायची. पंचक्रोशीत लोक आमचं नाव विसरायचे, पण "त्यो आवाजवाली पार्टी" म्हणून बरोबर शोधत यायचे.

*

हंगामाच्या तोंडावर लॅपटॉप फार हळू चालायला लागला. तानाजीनं तो दुरुस्तीला टाकला. दुकानदारानं विचारलं, "यातलं काय ठेवायचं?" तानाजी म्हणाला, "फोटो आणि गाणी तेवढी ठेवा. बाकीची घाण काढा."

दुकानदारानं घाण काढली.

तानाजी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला तेव्हा इतका खूश होता की मलाही आनंद झाला. "मास्तर, बघा तरी. बटण दाबायच्या आत चालू हुतोय." मी उघडलं. फोटो होते. गाणी होती. सिंथ नव्हता. मी इकडे शोधलं, तिकडे शोधलं. शेवटी पट्टी दाबली, तर खट एवढाच आवाज आला, तोही प्लॅस्टिकचा.

आप्पा शेजारीच बसले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला. "फास्ट हुनारच की रं तानाजी," ते म्हणाले. "घरातली मानसं भाईर काढली की घर मोठंच दिसतंय."

*

पुन्हा बसवायचा म्हटलं, तर त्याचं नाव कुणालाच माहीत नव्हतं! मित्रानं जाताना आयकॉनचं नाव बदलून 'तानाजी' करून ठेवलं होतं. आम्ही इतकी वर्षं फक्त 'तानाजी उघडा' म्हणत होतो. मित्राचा जुना नंबर लागत नव्हता. आमच्याकडे माहिती एवढीच, की प्रोग्राम हिरवा होता.

मी इंटरनेटवर हिरव्या रंगाचे सिंथ शोधायला बसलो. जगात किती लोकांना हिरवा रंग आवडतो ते मला त्या आठवड्यात समजलं.

आणि त्याच आठवड्यात नानांचा फोन आला. नाना म्हणजे पलीकडच्या गावच्या यात्रा कमिटीचे अध्यक्ष. त्यांच्या देवाच्या पालखीपुढं, छबिन्याला, आमचीच पार्टी असते. त्या दिवशी मुंबई-पुण्याला गेलेली माणसं गावात असतात आणि पुढच्या लग्नांच्या सुपाऱ्या तिथंच फुटतात. ती यात्रा गेली म्हणजे आमचा हंगाम गेला. पार्टीतल्या हलगीवाल्यापासून ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यापर्यंत सगळ्यांची घरं त्यावर अवलंबून.

नानांनी एका हळदीत आमचं वाजवणं नव्या आवाजात ऐकलं होतं. ते रागावले नाहीत, तेच जास्त वाईट होतं. "तानाजी," ते शांतपणे म्हणाले, "आवं पोरं नाचत्याली कशावर बी. पर देवाला सवय हाय त्या आवाजाची. त्यो आसला तर या. नसला तर तसं सांगा, आमी दुसरीकडं बघतो."

तानाजीनं फोन खाली ठेवला आणि त्याच तंद्रीत एक मोटार उलटी भरली.

*

हा 'नवा आवाज' काय होता तेही सांगतो. मी एक महागडा, ताजा सिंथ महिन्याच्या भाड्यानं घेतला होता. त्यात हजारो आवाज आणि प्रत्येकाला स्वतःचं नाव. मी एकेक लावायचो आणि तानाजी व आप्पा परीक्षक म्हणून बसायचे.

'फ्रोझन कॅथेड्रल' लावला. तानाजीनं डोळे मिटून ऐकला. "चांगला हाय," तो म्हणाला, "पर ह्याच्यावर नवरदेव घोड्यावरच झोपंल."

'डीप ओशन' लावला. आप्पा म्हणाले, "पाण्यात मोटार अडकल्यावानी वाजतंय."

तानाजी लगेच सावरून बसला. "ती मोटार न्हवं आप्पा. तिचा आवाज ह्याच्यापेक्षा बरा असतोय."

शेवटी त्यातल्या त्यात बरा एक आवाज निवडला आणि वाईच्या पुढं, महाबळेश्वरच्या पायथ्याला एका गावात लग्नाला गेलो. वरात उभी राहिली, घोडा उभा राहिला, मी लॅपटॉप उघडला. पडद्यावर पाटी आली, की इंटरनेट जोडून पुन्हा लॉगिन करा, नाहीतर आवाज मिळणार नाही. त्या गावात मोबाईलला रेंज नव्हती. फोन करायचा तर तिथली माणसं वरच्या खिंडीत जायची.

मग काय करता? तानाजीनं लॅपटॉप शर्टात घातला आणि नवरीच्या मामाच्या मोटारसायकलवर मागं बसून खिंडीकडं निघाला. इकडे आप्पांनी एकट्या क्लॅरोनेटवर वरात रेटली. फौजेतली सवय असल्यामुळे सगळी गाणी कवायतीच्या चालीत गेली. वऱ्हाडी आधी नाचत होते, नंतर नकळत पाय मिळवून चालायला लागले. नवरदेवाचे वडील माझ्याजवळ येऊन कुजबुजले, "मास्तर, तुमची बाकीची पार्टी कुठाय?"

मी म्हणालो, "डोंगरावर लॉगिन करायला गेलीय."

*

तेव्हा मला सांगलीचा श्रेणिक आठवला. आम्ही कॉलेजात एका बाकावर होतो. आता तो वडिलांबरोबर हळदीचा व्यापार बघतो, आणि त्याचा जीव आहे जुन्या सिंथवर. कुणीतरी हौसेनं बनवलेले, फुकट वाटलेले आणि नंतर साऱ्या जगानं विसरलेले प्रोग्राम तो गोळा करतो. लोक जुनी नाणी जमवतात तसं.

"नाव सांग," तो म्हणाला. मी म्हणालो, "हिरवा आहे." त्यानं ते माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग म्हणाला, "आवाजाचा तुकडा तरी पाठव."

तुकडा मिळवणं एवढं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. मागच्या सगळ्या लग्नांचे व्हिडिओ बघितले. जिथं जिथं माझा सूर लांबवर जायचा, नेमक्या तिथं शिट्ट्या, नाहीतर फटाके. शेवटी एका व्हिडिओत मोकळी जागा सापडली. शिट्टी नाही, ढोल नाही, स्वच्छ सूर. फक्त नवरीचे काका कॅमेऱ्याशेजारी उभे राहून वाढप्याशी भांडत होते, की मघापासून मठ्ठा मागतोय, पुढच्या पंगतीला दोनदा गेला आणि इकडं अजून फिरकला नाही. दुसरा तुकडाच नव्हता, म्हणून काकांसकट पाठवला.

दुपारी श्रेणिकचं उत्तर आलं. "आवाज ओळखला. माझ्याकडं आहे, या घेऊन जा. काकांना मठ्ठा मिळाला का?"

मी शाळेच्या व्हरांड्यात उभा होतो. तिथूनच तानाजीला फोन लावला.

*

तिघंही सांगलीला गेलो. मार्केट यार्डात श्रेणिकच्या पेढीच्या मागच्या खोलीत, हळदीच्या पोत्यांच्या आडोशाला एक जुना कॉम्प्युटर होता. उभा डबा, त्याला तो जुना, मागं पोट आलेला पडदा. कीबोर्ड मुळात पांढरा असणार, पण आता पूर्ण पिवळा. डब्यावर दर दिवाळीला काढलेली कुंकवाची स्वस्तिकं एकावर एक. श्रेणिकचे वडील चालू वस्तू टाकत नाहीत आणि तिला इंटरनेटही जोडू देत नाहीत. त्यामुळे त्या डब्यातलं जग जिथल्या तिथं राहिलं होतं. कसलं अपडेट नाही, कसलं लॉगिन नाही.

श्रेणिकनं एकेक सिंथ उघडून दाखवायला सुरुवात केली. एक होता तो फक्त पाण्याच्या थेंबासारखा वाजायचा. एक कुणा विद्यार्थ्यानं परीक्षेसाठी बनवलेला, त्याचं एक बटण कशालाच जोडलेलं नव्हतं. "हे फिरवलं की काय होत नाही," श्रेणिक कौतुकानं सांगायचा, "पण फिरवायला बरं वाटतंय की हो." साध्या, ओबडधोबड वस्तू होत्या, पण प्रत्येकात बनवणाऱ्या माणसाचा हात लागलेला कळत होता. भाड्याच्या त्या हजारो आवाजांत तो हात मला एकदाही जाणवला नव्हता.

आणि मग तो हिरवा पडदा उघडला.

मी पट्टी दाबली. सनई आणि भोंगा. पोत्यांच्या मधून घुमत तो आवाज पेढीवर गेला, तिथं हमाल बोलायचे थांबले. तानाजीनं तोंड फिरवून भिंतीकडं केलं. आप्पांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "ह्योच," एवढंच म्हणाले. माझे डोळे भरून आले होते आणि मी ते लपवायच्या भानगडीत पडलो नाही.

तेवढ्यात आतून श्रेणिकच्या आईची हाक आली. त्यांच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवण उरकतात. श्रेणिक म्हणाला, "आई, आत्ताच सापडलाय, जरा ऐकू दे." आई दारात आल्या. "आवाज उद्या बी आसंल," त्या म्हणाल्या. "ऊन थांबत न्हाई. उठा बघू पाव्हणं."

आम्ही चांगलं चालू असलेलं संगीत टाकून जेवायला बसलो. आमटी गरम होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तानाजीनं भात मागून घेतला.

*

जेवून आलो आणि गाणं पूर्ण वाजवायला घेतलं. कडवं रंगात आलं आणि आवाज बंद. मी पट्ट्या दाबतोय, काही नाही. दोन-चार श्वास गेले आणि आपणहून पुन्हा सुरू. काही वेळानं पुन्हा तेच.

श्रेणिक कपाळाला हात लावून बसला. "डेमो आहे," तो म्हणाला. विकत घेण्याआधी चाखून बघायला देतात ती प्रत. पैसे भरलेले नसले की ती मधून मधून गप्प बसते. "मग भरतो की पैसं," तानाजी म्हणाला. पण भरायचे कुणाला? बनवणाऱ्यानं कधीच दुकान गुंडाळलं होतं. त्याच्या वेबसाइटच्या जागी आता टकलावर केस उगवायचं तेल मिळत होतं. श्रेणिकनं एका जुन्या पत्त्यावर मेल टाकून दिला, पण त्याचाही विश्वास नव्हता.

सूर रेकॉर्ड करून वाजवून बघितले, ते मेल्यासारखे वाजले. प्रोग्राम इतका जुना की दुकानदारानं नवी सिस्टीम भरलेला आमचा लॅपटॉप त्याला उंबऱ्यातूनच परत पाठवायचा. शेवटी ठरलं, अख्खा डबाच न्यायचा. श्रेणिकच्या वडिलांनी पडद्यावर जुना टॉवेल घातला आणि तानाजीला एकच सांगितलं, "दिवाळीला पूजा असती त्याची. नीट आणून द्या."

येताना टेम्पोत आप्पा पुढं बसले. मांडीवर डबा, आणि सीटबेल्ट डब्याला लावलेला. वाटेत पोलिसानं हात केला. वाकून बघितलं आणि विचारलं, "म्हातारबा, बेल्ट तुमी का लावला न्हाई?"

आप्पा म्हणाले, "मी रिटायर हाय. ह्यो ड्युटीवर चाललाय."

*

आता यात्रा.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर पालखी देवळातून निघाली. ट्रॉलीवर मधोमध तो डबा, बैलाच्या दाव्यानं चारी बाजूंनी बांधलेला. आमचं ठरलं होतं, की आवाज थांबला की आप्पांनी क्लॅरोनेट वर घ्यायचं आणि हलगी जोरात करायची, म्हणजे कुणाला कळायचं नाही.

मी सुरू केलं. सनई-भोंगा सुटला तसा माणसांतून एक हुंकार आला. पालखीशेजारून नानांनी वर बघितलं आणि मान हलवली. तानाजी बेंजोवर असा तुटून पडला की मलाच भीती वाटली. घामानं त्याचा शर्ट अंगाला चिकटला होता, पण तोंडावर हसू होतं.

पहिलं कडवं संपता संपता आवाज गेला. मी आप्पांकडं बघितलं. आप्पांनी क्लॅरोनेट तोंडाला लावलं आणि त्याच क्षणी कुणीतरी उधळलेला मूठभर गुलाल थेट त्यांच्या तोंडात गेला. ते खोकायला लागले. त्यांना काय झालं म्हणून हलगीवाला हात थांबवून बघत राहिला. तानाजीचाही हात हवेत थांबला. भर छबिन्यात, अख्ख्या गावासमोर, आमची पार्टी मुकी. पुढचा हंगाम, सुपाऱ्या, घरं, सगळं हातातून जाताना दिसत होतं आणि मी नुसत्या पट्ट्या दाबत होतो.

त्या शांततेत पालखीजवळ नानांनी हात वर केला. सवयीनंच केला असणार. "नाथाच्या नावानंऽऽ"

"चांगभलं!" अख्खं गाव ओरडलं. गुलाल आभाळात गेला. आणि तो खाली यायच्या आत डब्याला कंठ फुटला, सनई-भोंगा पुन्हा सुरू झाला, जणू कुणी ठरवूनच दिलं होतं.

पुढं वेशीपर्यंत तेच. आवाज थांबायचा, नाना हात वर करायचे, गाव गर्जायचं, आवाज सुरू व्हायचा. चार वेळा झाल्यावर पोरं आधीपासूनच हात वर करून वाट बघायला लागली. बायका उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या. मी तर नंतर पट्ट्यांकडं बघायचंच सोडून दिलं.

पालखी पोचल्यावर नाना ट्रॉलीजवळ आले. तानाजी घाईनं खाली उतरला.

"आवाज जुनाच हाय," नाना म्हणाले. "पर ह्या बारीला थांबून थांबून देवाचं नाव घ्याला जागा दिलीसा, ह्ये लय ब्येस केलंसा. आजवर समदी पार्टीवाली नुसती बडवत जायाची. नाव घेतलं तर शेजारच्याला बी ऐकू जायाचं न्हाई. फुडल्या साली बी असंच पायजे. असंच म्हंजी, असंच."

"व्हय की नाना," तानाजी म्हणाला. "मुद्दाम बसवून घेतलंय."

त्याच जागी आम्हाला तीन लग्नं मिळाली. सोमवारी डबा सांगलीला पोचता केला आणि मी बऱ्याच दिवसांनी शाळेत हसत गेलो.

पंधरवडा गेला असेल. आम्ही तिघं तानाजीच्या दुकानात चहा पीत होतो. श्रेणिकचा फोन आला, तानाजीनं तो स्पीकरवर टाकला. श्रेणिकला धड बोलता येत नव्हतं, इतका आनंद झालेला. त्या सिंथच्या बनवणाऱ्याचं उत्तर आलं होतं. कुठल्याशा बर्फाच्या देशात राहणारा म्हातारा माणूस. आपली वस्तू अजून कुणी वाजवतंय, तीही देवाच्या पालखीपुढं, हे वाचून त्याला रात्रभर झोप लागली नाही म्हणे. त्यानं जुनं सामान उपसून पूर्ण प्रत बसती करून दिली होती. नव्या लॅपटॉपवर चालणारी, आणि फुकट.

"तानाजीराव, सुटलासा तुम्ही," श्रेणिक म्हणाला. "आता मधी थांबायचं नाव नाही. एकदा सुरू केलं की वेस ओलांडेपर्यंत वाजत राहील बघा."

तानाजीनं आप्पांकडं बघितलं. आप्पांनी कप खाली ठेवला. तानाजीनं हातातली तांब्याची तार बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"श्रेणिकशेठ," तो म्हणाला, "त्यास्नी आमचं लय लय आभार कळवा. आनि येवढं इचारा, की बाकी समदं फुल द्या, पर थांबायचं तेवढं डेमोचंच ऱ्हाऊ दिलं तर चालंल का?"